आशा ठेवायची कुठे?

(अबुधाबीतल्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की आपल्या मंडळात ख्रिस्ती श्रद्धेवर भाषण कशासाठी? आपण बहुतेक जण देव न मानणारे, किंवा मानला तरी चारचौघांत न सांगणारे. प्रश्न रास्त आहे. मीही श्रद्धावान नाही. देव आहे की नाही, हा वाद मला आज घालायचाच नाही. माणसं आपली आशा कुठे ठेवतात, आणि तिथे ठेवल्यावर त्यांच्या हातून पुढे काय घडतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्यासाठी ख्रिस्ती धर्म निवडला याची दोन कारणं. पहिलं, या धर्मानं आशेला सद्गुणाचा दर्जा दिला आहे. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीला तिसरी आशा आहे. आपल्याकडे आशेची प्रतिष्ठा जरा कमीच. आपण 'वेडी आशा' म्हणतो, 'आशाळभूत' म्हणतो, 'उगाच आशेला लावू नका' म्हणतो. संतांनीही आशेला बहुतेक वेळा पायातली बेडीच मानलं. तेव्हा जो धर्म आशेला सद्गुण म्हणतो, त्याला नेमकं काय म्हणायचं आहे हे बघायला हरकत नसावी.

दुसरं कारण म्हणजे आपण राहतो ते गाव. अबुधाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली एका ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले. सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी तिथे पूर्वेकडच्या चर्चचे साधू राहत होते. २०२५ मध्ये तिथेच गिलाव्यात कोरलेला एक क्रॉस मिळाल्याचं जाहीर झालं. म्हणजे पोटासाठी आलेल्या गोव्याच्या आणि केरळच्या माणसांच्या कितीतरी आधी इथे प्रार्थना होत होती.

अलीकडचा इतिहास आपल्यापैकी जुन्या लोकांना माहीत आहे. १९६० साली अल ऐनमध्ये पॅट आणि मेरियन केनेडी हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्य आलं. शेख झायेद यांनी दिलेल्या मातीच्या विटांच्या घरात त्यांनी दवाखाना सुरू केला. तोपर्यंत या भागात आधुनिक इस्पितळ नव्हतं, बाळंतपणात बाया आणि मुलं दगावणं नेहमीचं होतं. ओअॅसिस हॉस्पिटल म्हणून वाढलेला तोच दवाखाना २०१९ पासून कनद हॉस्पिटल या नावानं ओळखला जातो. लोक केनेडींना प्रेमानं 'कनद' म्हणत, त्यावरून हे नाव आलं. १९६५ मध्ये शेख शखबूत यांनी दिलेल्या जागेवर सेंट जोसेफ चर्च उभं राहिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस इथे आले. अरबी द्वीपकल्पात पोप येण्याची ती पहिलीच वेळ. झायेद स्पोर्ट्स सिटीतल्या मिस्साला लाखाच्या वर माणसं जमली. ती होती फिलिपिनो नर्सेस, मल्याळी अकाउंटंट, गोव्याचे आणि वसईचे तंत्रज्ञ, घरकामाच्या बायका. दूर राहणं सोपं नसतं, आपल्या माणसांची ओढ लागते, उद्याची खात्री नसते, हे पोपनी त्या दिवशी त्यांना बोलून दाखवलं.

ही उद्याची खात्री नसणं आपल्यालाही लागू आहे. इथे आपण वीस वर्षं राहिलो तरी विसा नोकरीला बांधलेला. २०१९ पासून दहा वर्षांचा गोल्डन विसा आला. २०२१ पासून निवडक परदेशी लोकांना नागरिकत्व देण्याची तरतूदही आली, पण ती नामांकनानं, आपण अर्ज करून नव्हे. बाकी सगळे पाहुणेच. अशा गावात माणूस आशा ठेवतो ती कशावर?

आता आपला नेहमीचा आक्षेप घेऊ. धर्म माणसाची आशा परलोकात ठेवतो आणि त्यामुळे इहलोकातला अन्याय तसाच राहतो, असं आपण म्हणतो. मार्क्सचं अफूचं वाक्य आपल्याला तोंडपाठ असतं. हा आक्षेप खोटा नाही. तो किती खरा आहे याचं उदाहरण मी पंडिता रमाबाईंच्या घरातूनच देतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. पण त्यांची सगळी आशा तीर्थयात्रा, पुराणपठण आणि दानधर्म यांवर. कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थांमधून हिंडत राहिलं. होतं नव्हतं ते दानात गेलं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. देव पावेल म्हणून उपास, जप, प्रदक्षिणा चालूच होत्या. हातानं काम करून चार पैसे मिळवावेत हे कुणाला येत नव्हतं, आणि कुळाच्या अभिमानापायी तसं काम मागणंही जमत नव्हतं. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली, मग मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. हे सगळं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आशा चुकीच्या जागी ठेवली तर काय होतं, याचं यापेक्षा करुण उदाहरण मला ठाऊक नाही. पुढची गोष्ट मात्र आपल्याला जरा अडचणीची आहे. एवढं पाहिल्यावर ही बाई आपल्यासारखी नास्तिक व्हायला हवी होती. ती १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे ख्रिस्ती झाली.

बाप्तिस्म्यानंतर त्या काही आज्ञाधारक शिष्या झाल्या नाहीत. चर्चच्या वडीलधाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. मी कोणत्या सिद्धान्तावर विश्वास ठेवायचा हे तुम्ही ठरवू नका, हा त्यातला त्यांचा रोख आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. १८९३ साली मुली ख्रिस्ती होत आहेत यावरून पुण्यात वाद पेटला आणि रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रयाला आलेल्या विधवेवर धर्माचा प्रभाव पडू द्यावा का, हा प्रश्न तेव्हाही योग्य होता, आजही आहे. रमाबाईंबद्दल आदर असणाऱ्यानंही तो टाळू नये.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी जे केलं ते मात्र बघा. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना गोळा करून केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्ति मिशनमधल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. तिथे विहिरी खोदल्या. शेती, विणकाम, दूध-दुभतं सुरू झालं. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था झाली. छापखाना काढला, आणि खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचं काम मुली करू लागल्या. ज्या घरात हातानं काम करणं कमीपणाचं होतं, त्याच घरातल्या मुलीनं दोन हजार बायकांच्या हाताला काम दिलं. प्रार्थना तिथेही होत होती, भरपूर होत होती. पण केडगावला प्रार्थनेबरोबर विहीरही खणली जात होती. आई-वडिलांच्या दुष्काळात आणि लेकीच्या दुष्काळात फरक पडला तो इथे.

वयाच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही हे काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापून पूर्ण झालेलं बायबल त्यांनी पाहिलं नाही.

इथे अपेक्षा आणि आशा यांच्यात एक फरक करावासा वाटतो. अपेक्षेला हिशेब असतो. एवढं घातलं, एवढं मिळायला हवं, अमुक तारखेपर्यंत मिळायला हवं. तारीख उलटली की अपेक्षाभंग होतो. रमाबाईंचं जे होतं ते अपेक्षेच्या वहीत मांडता येत नाही. फळ आपल्या डोळ्यांदेखत येणार नाही हे कळूनही काम चालू ठेवायचं, याला त्या आशा म्हणत. त्या आशेचा आधार त्यांच्या दृष्टीनं येशू होता. तो आधार मला मान्य नाही. पण त्यातून झालेलं काम मी नाकारू शकत नाही.

म्हणजे आक्षेप संपला का? नाही. त्याची दुसरी, अधिक कठोर बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरचं त्यांचं लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : मिशनऱ्यांनी अस्पृश्याला सांगितलं की तुझ्या दुःखाचं मूळ तुझ्या पापात आहे. त्यामुळे ते मूळ समाजरचनेत आहे, ती बदलायला हवी, ही जाणीवच बोथट झाली. धर्म बदलला, पण जात चर्चमध्येही मागोमाग आली, आणि तिच्याविरुद्ध उठायची धग मात्र गेली.

हे अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि त्याच्या आसपासच्या ख्रिस्ती वस्त्यांना नीट माहीत आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये तिथे पोचलं. महार आणि मांग समाजातली असंख्य कुटुंबं पुढच्या काळात ख्रिस्ती झाली. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, हे मोठंच. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. जातीचा जाच गावात तसाच आणि कागदावर मात्र जात नाही, अशा माणसाला परलोकाचं आश्वासन पुरत नाही. आणि आपण पुरोगामी लोक या प्रश्नावर किती वेळा बोललो, हेही मनाशी तपासून पाहावं.

जोतीराव फुल्यांनी या बाबतीत एक वेगळीच वाट काढली. ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत. पण 'गुलामगिरी'त, १८७३ साली, त्यांनी येशूकडे दुसरा बळीराजा म्हणून पाहिलं. दिवाळीला आपल्या आया-बहिणी ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. ख्रिस्ती माणूस ज्याला देवाचं राज्य म्हणतो, त्याला जोतीरावांनी आपल्या शेतकऱ्याच्या अंगणात जागा दिली. ते राज्य ढगांपलीकडे नव्हतं. ते शाळा काढून, हौद खुला करून, सत्यशोधक समाज काढून आणायचं होतं.

त्याच धाटणीचा आपल्या काळातला एक ख्रिस्ती माणूस म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या मित्रांना त्यांच्याबद्दल मी सांगायला नको. हा धर्मगुरू 'सुवार्ता' मासिकाचा अनेक वर्षं संपादक होता, आणि 'सुबोध बायबल' हे त्यांचंच काम. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामांसाठी खुली करायचं ठरलं, तेव्हा ते हरित वसई संरक्षण समितीत पुढे होते. विहिरी, बावखलं, केळीच्या बागा यांच्यासाठी लोक रस्त्यावर आले, त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. दमदाट्या झाल्या, तरी ते मागे हटले नाहीत. २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ते पाद्री आहेत एवढ्याच कारणावरून काहींनी विरोध केला. ते अध्यक्ष झाले आणि मराठीतच बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. वसईत आज किती इमारती उभ्या आहेत हे आपण सुट्टीत पाहतो. त्या हिशेबानं ते हरले असं कुणी म्हणेल. पण जी हिरवळ उरली आहे ती त्या चळवळीमुळे उरली आहे.

आता आपल्याकडे वळतो. आपण परलोक मानत नाही असं आपण म्हणतो. मला वाटतं आपण मानतो. आपल्या परलोकाचं नाव आहे 'परत गेल्यावर'. परत गेल्यावर आई-वडिलांकडे बघू. परत गेल्यावर गावच्या शाळेसाठी काहीतरी करू. परत गेल्यावर लिहू, चळवळीत उतरू. तोपर्यंत पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते, मुलांच्या फिया आणि ग्रॅच्युइटीचा आकडा. मुक्तिसुद्धा इतकी लांबणीवर कुणी टाकली नसेल. इथला अन्याय पुढच्या जन्मावर सोडणाऱ्याला आपण हसतो, आणि आपला सगळा जन्म 'परत गेल्यावर'वर सोडतो.

दुसरी आपली श्रद्धा म्हणजे प्रगती. शिक्षण वाढेल, विज्ञान पोचेल, इंटरनेट येईल आणि अंधश्रद्धा, जात, धर्मवेड आपोआप विरघळतील, असं आपण धरून चाललो होतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये आशेवर एक परिपत्रक काढलं. आधुनिक माणसानं देवाची जागा प्रगतीला दिली, पण यंत्र सुधारलं म्हणून माणूस सुधारतो असं नाही, हा त्यातला एक मुद्दा. मोबाइलवर येणारे फॉरवर्ड्स पाहिले की तो मुद्दा खोडून काढणं अवघड जातं. म्हणून तर आपल्या बैठकांत 'आता काही आशा राहिली नाही' हे वाक्य वारंवार येतं. आपोआप व्हायचं होतं ते झालं नाही, म्हणून आपण निराश आहोत. पण 'आपोआप होईल' याला आशा म्हणतच नाहीत. अनंतशास्त्रींची तीर्थयात्राही याच जातीची होती.

बेनेडिक्ट यांचा पुढचा निष्कर्ष, की देवाशिवाय खरी आशा उभीच राहत नाही, मला पटत नाही. माझ्यापुढे आगरकर आहेत. रमाबाईंचे समकालीन, त्याच पुण्यातले. देव नाही, स्वर्ग नाही, दम्यानं शरीर पोखरलेलं, हयातीतच आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिलेली. १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता गेले. आणि आपल्यापुढे दाभोलकर आहेत. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी सुमारे अठरा वर्षं पाठपुरावा केला, त्याचा वटहुकूम निघाला तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर, चार दिवसांनी. डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यांनीही छापलेलं पुस्तक पाहिलं नाही, असंच म्हणायचं. रमाबाई एका टोकाला, आगरकर-दाभोलकर दुसऱ्या टोकाला. दोघांच्या आकाशात काही सारखं नाही. जमिनीवर मात्र दोघंही, आपल्याला फळ दिसणार नाही हे ओळखून, रोजचं काम करत राहिले.

म्हणून माणसानं आशा कुठे ठेवली आहे हे त्याच्या प्रार्थनेवरून किंवा त्याच्या नास्तिकतेवरून ठरवू नये, असं मला सुचवायचं आहे. ती आशा त्याच्याकडून आज काय करून घेते ते बघावं. ज्या आशेपायी माणूस नुसता वाट बघत बसतो ती आशा देवाच्या नावाची असो, प्रगतीच्या असो की पुण्यातल्या फ्लॅटच्या, ती सारखीच पोकळ.

४ फेब्रुवारी २०१९ रोजी याच शहरात पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. त्यात एक वाक्य आपल्या कामाचं आहे. समाजात पूर्ण नागरिकत्वाची कल्पना रुजायला हवी आणि 'अल्पसंख्य' हा शब्द भेदभावासाठी वापरला जाऊ नये, अशा अर्थाचं. २०२३ मध्ये सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एका आवारात उभे राहिले, २०२४ मध्ये अबू मुरैखात मंदिर उघडलं. या गोष्टींना नुसतं शोभेचं म्हणून झटकून टाकू नये, आणि दगड उभे राहिले म्हणजे माणसं जवळ आली असंही समजू नये. आवार बांधून झालं, आता ये-जा आपण करायची आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. मुसफ्फाच्या कॅम्पमध्ये आपल्या भाषेचे, आपल्या जिल्ह्यांचे मजूर आहेत. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं बेकायदा आहे, हे त्यातल्या अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं. अडचणीत सापडलेल्यांसाठी आपल्या दूतावासाकडे २००९ पासून कल्याण निधी आहे, तोही माहीत नसतो. महिन्यातून एक सुट्टी दोघा-तिघांनी मिळून तिथे द्यावी, कागदपत्रं वाचून दाखवावीत, अर्ज लिहून द्यावेत. चर्चचे, गुरुद्वाऱ्याचे लोक असं काम करत असतील तर त्यांच्याबरोबर करावं, त्यांचा देव आड येऊ देऊ नये. या कामाचा शेवट आपल्या विशाच्या मुदतीत दिसणार नाही. कोण कोण येणार त्यांची नावं चहाच्या आधी वहीत लिहून घेऊ, आणि मग माझ्या बोलण्यावर काय टीका करायची ती सविस्तर करू.